इनेस रेनीची खरी चूक

इनेस रेनीला मी कंपनीच्या बैठकीला जाताना गाडीतच बजावलं होतं. "त्यांना एखादी सोज्वळ चूक दे आणि मोकळा हो," म्हटलं. "मी ग्राहकांकडे बघून पुरेसं हसत नाही, असलं काहीतरी. सगळे तेच करतात."

"मग एवढ्या लांब जायचं कशाला?" तो म्हणाला. "हसलो नाही हे फोनवरही सांगता येतं की, इशबेल."

हा असा माणूस. उंच, खांद्यात जरा वाकलेला. घराणं मासेमारांचं, पण याला बोटीत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या, म्हणून औषधांकडे वळला. स्कॉटलंडच्या आमच्या या किनाऱ्यावर आमच्या कंपनीची औषधांची दुकानं गावोगाव आहेत. पोर्टगार्वीच्या दुकानात इनेस फार्मासिस्ट, शेजारच्या गावात मी. आमच्या धंद्यात नियम आहे: वर्षातून एकदा बरोबरीच्या कुणाशी तरी बसून आपल्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलायचं आणि त्यातून काय शिकलो ते लिहून पाठवायचं. बरेचजण हे उरकून टाकतात. आम्ही दोघं मात्र बंदरावरच्या कॅफेत गरम बटरी, म्हणजे आमच्याकडचा चपटा खारट पाव, आणि चहा घेऊन बसायचो आणि एकमेकांची सालटी काढायचो. मी बहिऱ्या म्हाताऱ्यांवर खेकसते, हे मला त्यानेच सांगितलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग मुकाट्याने आवाज खाली आणला.

पुढे कंपनीलाच या गोष्टीचा पुळका आला. आम्हा सगळ्या फार्मासिस्टांना दर महिन्याला अ‍ॅबरडीनला एका खोलीत गोल बसवायला लागले. मुख्य कार्यालयातून लॉर्ना पेट्री यायची. गोड आवाजाची, गळ्यात रेशमी रुमाल. "इथे कुणी कुणाला दोष देणार नाही," ती दर वेळी म्हणायची. "आपली एक चूक सांगा, बाकीचे फीडबॅक देतील, आणि मग मी तुम्हाला आत्मपरीक्षणात मदत करीन." स्वतःचं परीक्षण करायला दुसऱ्याची मदत लागते, हे मला तेव्हा कळलं. मग काय, जो तो न्हाऊमाखू घालून, भांग पाडून आणलेली चूक पुढे करायचा. कुणी जेवणाची सुट्टी घेत नाही, कुणी फारच काटेकोर आहे. मीही तेच करायचे आणि मला त्याची यत्किंचितही लाज नाही.

इनेसने त्या दिवशी खरी चूक आणली होती.

ती अशी. औषधाच्या दुकानात एकाने चिठ्ठी वाचून गोळ्या काढायच्या आणि दुसऱ्याने तपासायच्या, ही रीत. पोर्टगार्वीत काढायचं काम सेंगा बुखनचं. तोंडाने फटकळ, हाताने चपळ बाई. इनेस चुकीच्या खोक्यावर सही करायला गेला तर, "चष्मा काय कपाळाला दाखवायला घेतलास का?" म्हणून हात धरणारी. कंपनीने खर्च कमी करायला तिच्या दुपारच्या पाळ्या बंद केल्या. तेव्हापासून दुपारी काढणारा इनेस आणि तपासणाराही इनेस. त्याने त्यावर स्वतःपुरती एक युक्ती काढली होती. खोकी टेबलावर ठेवायची, मोरीपाशी जाऊन हात धुवायचे आणि दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवल्यासारखं परत येऊन बघायचं. हात धुऊन धुऊन त्याची बोटं फुटली होती.

एका दुपारी फोन वाजत होता, काउंटरवर रांग होती, आणि तो हात धुवायला गेला नाही. क्रिसी नोबल म्हणून एक विधवा आहे, तिला रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या गेल्या. खोकी एकाच रंगाची, फळीवर शेजारी शेजारी. त्या गोळ्यांनी गुंगी येते. म्हातारी टेबलावरच झोपली आणि शेगडीवर माशाचं सूप जळून कोळसा झालं. नशीब, तेवढ्यावरच निभावलं. शेजारणीने धूर पाहिला.

इनेस त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेला, माफी मागितली, जळकं भांडं स्वतः घासून दिलं. क्रिसी म्हणाली, "रडतोस काय मेल्या? नवरा गेल्यापासून एवढी झोप लागली नव्हती मला." पण इनेसच्या मनातून ते जाईना. त्याने चूक रीतसर कंपनीला कळवली, सेंगाला दुपारी परत बोलवा म्हणून लिहिलं. उत्तरच नाही. म्हणून त्याला गोलात बोलायचं होतं. त्याला स्वतःसाठी काही नको होतं. सेंगा दुपारी परत हवी होती, एवढंच.

तो बोलला. सगळं, जसं झालं तसं. शेवटी तो म्हणाला, "मी चुकलो. पण मी एकटा असेन तर परत चुकेन. तुम्हीही चुकाल. तपासायला दुसरे डोळे द्या."

लॉर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. "इनेस, केवढं धाडस लागतं याला," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला खरंच वाटलं, आता सेंगा येणार.

सेंगा नाही आली. कंपनीचा माणूस आला. धोका माहीत असताना स्वतःच काढलं, स्वतःच तपासलं, म्हणून इनेसवर देखरेख बसली. 'मदतीची योजना' म्हणे. आणि लॉर्नासमोर बसून त्याने आपलं आत्मपरीक्षण नीट लिहून दिल्याशिवाय ती योजना संपणार नव्हती. तो लिहायचा, 'दुपारी सेंगा नव्हती.' ती मऊ आवाजात विचारायची, "पण ते तुमच्या हातात नाही ना? तुमच्या हातात काय होतं?" तो परत लिहायचा. ती परत विचारायची. मला म्हणाला, "पहिल्यांदा सेंगा पानाच्या सुरुवातीला होती. मग खाली गेली. आता पार गेली." शेवटी कागदावर उरलं ते एवढंच: आपल्याला थकवा आलाय हे ओळखायला मी शिकलं पाहिजे. मग योजना संपली. सेंगाने तोवर उरलेल्या सकाळच्या पाळ्याही सोडून दिल्या होत्या आणि मासे साफ करायच्या कारखान्यात लागली होती.

मला वाटलं, झालं, एकदाचं सुटला बिचारा. कुठलं काय! थंडीत एका हॉटेलात सगळ्या दुकानांचं प्रशिक्षण ठेवलं. दोघादोघांना एक टेबल, टेबलावर एक छापील पान. 'फार्मासिस्ट क' याची गोष्ट. नाव काढलं होतं, गाव काढलं होतं, जळकं सूप मात्र तसंच होतं. सेंगाचं अवाक्षर नाही. सगळा किनारा ओळखत होता 'क' कोण ते. जो तो पानात डोकं घालून बसला. इनेस माझ्या शेजारी होता. त्याने पान वाचलं, अगदी सावकाश, चिठ्ठी वाचावी तसं, आणि उलटं करून ठेवलं.

मला इतका संताप आला की मी खुर्ची मागे सरकवली. "चल, उठ," मी म्हटलं. "गाडी काढते मी."

"बस गं," तो म्हणाला. "परत योजना लावतील."

लॉर्ना टेबलाटेबलाने फिरत आमच्यापाशी आली. तिला कळत होतं की नव्हतं, देव जाणे. माझं मत विचाराल तर कळत होतं. "या फार्मासिस्टला तुम्ही काय फीडबॅक द्याल, इनेस?"

तो तिच्याकडे बघून हसला. इतक्या वर्षांत त्याला असं दात दाखवून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "पुढच्या वेळी त्याने सांगावं," तो म्हणाला, "की आपण ग्राहकांकडे बघून पुरेसं हसत नाही."

तिने मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

त्यानंतर गोलात इनेसची चूक ठरलेली. कधी हसत नाही, कधी सुट्टी घेत नाही. लॉर्ना म्हणते, त्याच्यात केवढी प्रगती आहे. पोर्टगार्वीत तो अजून एकटाच असतो.

परवा आम्ही कॅफेत बसलो, वर्षाचं बोलायला. बटरी आली, चहा आला. त्याची बोटं मऊ झालेली दिसली, फुटलेली कातडी भरून आली होती.

"इनेस, तपासायच्या आधी हात धुतोस ना रे?"

"धुतो की."

"काही चुकलं का या वर्षी? खरं सांग. मी आहे समोर, लॉर्ना नाही."

त्याने बटरीला लोणी लावलं, कडेपर्यंत, नीट.

"नाही गं, इशबेल," तो म्हणाला. "काहीच नाही."

मग त्याने मला माझं विचारलं. मीही म्हटलं, काही नाही. चहा संपायच्या आधीच आमचं बोलणं संपलं.