हळदीकुंकवाची टोळी

नोएडातली माझी कंपनी पोलिसांसाठी सॉफ्टवेअर बनवते. फोनचे रेकॉर्ड घातले की पडद्यावर जाळं उमटतं. प्रत्येक नंबर एक ठिपका, प्रत्येक कॉल एक रेघ. एका दुपारीत जो ओळीनं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोन लावतो, तो टोळीचा म्होरक्या. हा नियम माझा. पोलिसांना शिकवायलाही मीच गेलो होतो, नवा टाय लावून.

जानेवारीत मोबाईल हिसकावणाऱ्या टोळीतल्या एका संशयित कॅबवाल्याचं जाळं आलं. त्यात एक ठिपका लाडवासारखा टम्म फुगलेला. ऑफिसात टाळ्या पडल्या, सर्वांत जोरात माझ्याच.

दोन दिवसांनी घरी आलो, तर बायको म्हणाली, समोरच्या काकूंना पोलीस ठाण्यात बसवलंय.

काकू सरकारी नोकरीतून निवृत्त. दर संक्रांतीला दिल्ली-नोएडातल्या झाडून साऱ्या मराठी बायकांना एका दुपारीत हळदीकुंकवाचं बोलावणं करतात. मुनिरक्यात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलीही सुटत नाहीत. 'या हं नक्की' म्हणून फोन ठेवायचा, गप्पा मारल्या तर रात्र होईल. आणि तो कॅबवाला? त्यांना दवाखान्यात नेणारा.

ठाण्यात धावलो, तर काकू बाकावर, फोन जप्त. बोलावलेल्या बायकांनाही पोलिसांचे फोन जाऊन आलेले. मी तावातावानं साहेबाला हळदीकुंकू समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, ये तो आपने ही सिखाया था. जो बीच में बैठा है, वही सरगना."

ऑफिसात बॉस म्हणे, आपण फक्त शक्यता दाखवतो, ठरवतात पोलीस. पोलीस म्हणतात, मशीननं ठरवलं. मग काकूंना बाकावर बसवलं कोणी, तिळगुळानं? 'बाई, फोन कशाला केले होते?' एवढं विचारायला कोणतं सॉफ्टवेअर लागतं? तेही सोडा, तो नंबर माझ्या मोबाईलमध्ये 'काकू' म्हणून होता आणि मी टाळ्या वाजवत होतो.

काकूंना सोडलं, फोन परत मिळाला. काकूंनी तो फडताळात ठेवून दिला. कार्यक्रम रथसप्तमीवर गेला.

"यंदाची बोलावणी तू करायची," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या फोनवरून. एका दुपारीत."

केली. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची, ओळीनं. बहुतेकींनी काकूंचं नाव ऐकूनच अडचणी सांगितल्या. रथसप्तमीला आल्या तिघी, त्यात एक माझी बायको. काकूंनी वाणाची उरलेली सगळी पाकिटं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ऑफिसात वाट."