डबा रिकामा, म्हणजे सगळी आली

आमच्या घरात मुलं मोजायची नाहीत असा नियम होता. गुरं मोजत, नारळ मोजत, भाताचे भारे मोजत, पण पोरांवर बोट नाचवून एक, दोन, तीन म्हणायचं नाही. मोजली की नजर लागते आणि त्यातलं एखादं कमी होतं, असं आत्याचं ठाम मत होतं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली, डोळ्यांनी अधू आणि जिभेनं धडधाकट. वडील मुंबईला एका पेढीवर नोकरीला. ते शिमग्याला आणि गणपतीला यायचे, उरलेलं वर्ष घरात राज्य आत्याचं.

आईनं या नियमावर तोड काढली होती. मुलं मोजायची नाहीत ना? मग लाडू मोजू. कुठे बाहेर जायचं असलं की ती आदल्या दिवशी तांदळाच्या पिठाचे लाडू वळायची, आणि परतीच्या वाटेसाठी प्रत्येकाचा एक असे वेगळ्या डब्यात भरायची. निघताना गाडीच्या मागे उभं राहून एकेकाच्या हातावर लाडू ठेवायचा, लाडू मिळाला की पोरानं गाडीत चढायचं. डबा रिकामा झाला म्हणजे सगळी आली. आत्याला यातली मेख कळत नव्हती असं नाही, पण लाडवांना नजर लागते असं तिलाही म्हणता येईना. मला ही आईची मोठीच करामत वाटायची.

हे सगळं स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मे महिन्यात मुंबईची चुलत आणि मावसभावंडं आमच्याकडे यायची, घर डोक्यावर घ्यायची, आणि मग ती शांत व्हावीत म्हणून एक दिवस बैलगाडीनं श्रीवर्धनच्या समुद्रावर न्यायचं ठरायचं. आमचं गाव डोंगराच्या अलीकडे, भातशेतीचं. समुद्र इतका जवळ, तरी आम्हाला तो वर्षातून एकदाच दिसायचा. मुंबईची पोरं मात्र "हा तर आमच्याकडे पण आहे" म्हणून नाकं मुरडायची आणि पाण्यात पहिली तीच धावायची.

त्या दिवशी आम्ही सकाळीच पोहोचलो. आत्या सुरूच्या झाडांच्या सावलीत समुद्राकडे पाठ करून बसली, कारण वारा तोंडावर आला की तिचं डोकं दुखायचं. एवढ्या लांब येऊन समुद्राकडे पाठ! पण बोलायची कुणाची टाप होती? आम्ही वाळूत विहिरी खणल्या, किल्ला केला, भरती-ओहोटीवरून भांडलो. किनाऱ्याच्या टोकाला कोळीवाडा होता. तिथे काठ्यांवर बोंबील वाळत होते, बायका जाळी आणि टोपल्या घेऊन ये-जा करत होत्या. त्यांतल्याच कुणाची तरी एक मुलगी आमच्यात येऊन मिसळली. असेल चार-पाच वर्षांची. उवांपायी केस बारीक कापलेले, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा, बाह्यांनी मनगटं झाकणारा कुणा थोरल्या भावाचा सदरा. ती कुणाशी बोलली नाही, पण विहीर खणण्यात तिचा हात सगळ्यांत चलाख. दुपारी आईनं तिच्याही हातावर भाकरी आणि लोणच्याची फोड ठेवली. मुंबईच्या भावंडांना ती आमच्या शेजारची वाटली, आणि आम्हाला ती कुणाची हा प्रश्नच पडला नाही. खेळात कोण कुणाला विचारतं?

माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. उन्हाळ्यामुळे त्याचेही केस बारीक कापलेले. दुपारनंतर तो खेळातून केव्हा उठला ते कुणाच्या लक्षात नाही. कोळीवाड्याजवळ ओढून ठेवलेल्या होड्यांचं त्याला सकाळपासून वेड लागलं होतं. तो तिकडे गेला आणि एका होडीच्या सावलीत झोपी गेला. हे आम्हाला नंतर कळलं.

ऊन कललं तसा गाडीवान घाई करू लागला. "चला गो बाय, घाटीत काळोख व्हईल." मग रडारड, ओले कपडे, हरवलेली चप्पल, कुणाच्या तरी डोळ्यात वाळू. आई गाडीमागे डबा घेऊन उभी राहिली आणि आम्ही तिच्यापुढे हात पसरून गेलो. मी पहिली. मला गाडीवानाशेजारी पुढे बसायचं होतं. मागून एकामागून एक पोरं लाडू घेऊन चढत राहिली. आई त्या वेळी चेहरे बघत नव्हती, हात बघत होती. शेवटी तिनं डबा उपडा करून दाखवला आणि म्हणाली, "चला, सगळी आली."

गाडीवर चटईचं छप्पर होतं, त्यामुळे आत अंधारच. आम्ही भेंड्या लावल्या. मुंबईची पोरं सिनेमाची गाणी म्हणायला लागली तशी आत्यानं दटावलं, मग ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायला लागली. इतकं हसलो आम्ही! ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

घाटीच्या पायथ्याशी एक विहीर होती. गाडीवानानं तिथे बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबवली. आई पाय मोकळे करायला खाली उतरली. आणि आतून आत्याचा आवाज आला.

"अगो, ह्याच्या हातात बांगड्या कुणी घातल्या?"

"कुणाच्या?" आईनं विचारलं.

"धाकट्याच्या! केव्हाचा माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजलाय. मी हात चेपत्ये, तर हातात बांगड्या. काय ही मुंबईची थेरं!"

आम्ही सगळे खो खो हसलो. आईसुद्धा हसली. हसतहसतच तिनं चटईची कड वर केली, आणि संध्याकाळचा उजेड आत पडला.

आत्याच्या मांडीवर ती कोळ्यांची मुलगी झोपली होती. मुठीत अर्धा लाडू.

आईचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते उतरायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला पहिल्यांदा कळलं की मोठी माणसंही घाबरतात. तिनं गाडीत शिरून एकेका पोराची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. धाकटा नव्हता. "मी सगळ्यांना लाडू दिला," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "डबा रिकामा झाला होता." कुणाला सांगत होती कोण जाणे. आत्याचा हात अजून त्या मुलीच्या डोक्यावर होता, तो काढायचंही तिला सुचलं नाही.

रस्ता अरुंद, एका बाजूला बांध. गाडी वळवायला जागा नव्हती आणि बैल सोडलेले. आईनं वाट पाहिली नाही. तिनं त्या पोरीला उचलून कडेवर घेतलं, लुगडं वर खोचलं आणि आल्या वाटेनं पळत सुटली. मी माझ्या आईला त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. बायका पळतात हेच मला ठाऊक नव्हतं. मी गाडीवरून उडी मारून तिच्यामागे धावले. पोर जागी झाली होती, पण रडत नव्हती. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टकामका बघत होती. "आई, तिला खाली ठेव, गाडीतून आणतील," मी धापा टाकत म्हटलं. आईनं ऐकलंच नाही. एवढं ओझं घेऊन ती माझ्यापुढेच राहिली.

किनाऱ्यावर आलो तेव्हा सूर्य बुडाला होता. सकाळी जिथे आमच्या विहिरी होत्या तिथे आता पाणी होतं. भरती चढली होती, आमचा किल्लाही गेला होता. पुढे कोळीवाड्याशी गर्दी दिसत होती. होड्या पाण्यात घातल्या होत्या, पुरुष एकमेकांना हाका मारत होते. एक म्हातारा वाटेतच डोक्याला हात लावून बसला होता. आम्हाला पाहून म्हणाला, "पोर ग्येली दर्यात. दुपारपास्नं हितंच खेलत व्हती."

मला तेव्हाच कळलं की ते जिला शोधतायत ती आईच्या कडेवर आहे. आईलाही कळलं असणार. मला वाटलं, आता ती ओरडेल, ही बघा, इथे आहे, जिवंत आहे. पण तिनं पोरीच्या अंगावर पदर ओढला, तिला घट्ट धरलं आणि म्हाताऱ्याला विचारलं, "माझा मुलगा कुठाय?"

तिनं पुन्हा विचारलं, "माझा मुलगा कुठाय?" आवाज तिचा नव्हता. मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला.

तेवढ्यात पाण्याच्या कडेनं एक बाई आमच्याकडे येताना दिसली. कमरेपर्यंत भिजलेली, केस सुटलेले, हाका मारून आवाज बसलेला. आणि तिच्या कडेवर, तिच्या मानेला मिठी मारून, माझा धाकटा भाऊ.

दोघी समोरासमोर येऊन थांबल्या. दोघींच्या कडेवर एकमेकींचं पोर. ती बाई आपल्या मुलीकडे अशी बघत होती की जणू तिला ओळखतच नाही. मग ती मुलगीच म्हणाली, "आये, लाडू," आणि मूठ उघडून दाखवली. त्या बाईनं आधी माझ्या भावाला आईच्या हातात दिलं, नीट, डोकं सांभाळून. मग आपली पोर घेतली, तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि वाळूत बसून तिला कवटाळून हंबरडा फोडला.

आईही तिथेच बसली. पुष्कळ वेळानं त्या बाईनं डोळे पुसले आणि रागानं विचारलं, "पोरं मोजली न्हाईस व्हय गो?"

"आमच्यात मोजत नाहीत," आई म्हणाली.

"आमच्यात तरी कोन मोजतंय?" ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.

माझा भाऊ होडीशी रडत उठला तेव्हा तिला सापडला होता. तोवर तिची पोर गेल्याचा बोभाटा झालेला. ती तेव्हापासून त्याला कडेवर घेऊनच लाटांमध्ये फिरत होती. आईनं विचारलं, "कुणाकडे तरी द्यायचा, एवढं ओझं घेऊन पाण्यात कशाला शिरलीस?" ती म्हणाली, "एक न्हेली दर्यानं. ह्याला सोडला नि ह्यो बी ग्येला, तर त्याच्या आयशीला काय सांगू?"

आई त्या दिवसाविषयी घरात कधी बोलली नाही. आत्या मेली, वडील निवृत्त होऊन गावी आले, धाकट्याचं लग्न झालं. एकदा मी माझ्या मुलांना घेऊन माहेरी गेले होते. मुलांना समुद्रावर न्यायचा बेत चालला होता आणि आई ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. मी सहज म्हटलं, "आई, तुला आठवतं? तू त्या कोळ्यांना पोर लगेच दिली नाहीस."

"आठवतं की," ती म्हणाली. हातातली आठळी तिनं सोलून पाण्यात टाकली. "तो सापडला नसता, तर मी दिलीच नसती."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पुढची आठळी सोलत होती.