इन्स्पेक्टरची उडी

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवातला सिनेमा आठ वर्षं चालू आहे. दर वर्षी नवा भाग, पण इन्स्पेक्टर तोच, गुंड तेच आणि पडदा म्हणून बांधलेलं पांढरं कापडही तेच. इन्स्पेक्टर म्हणजे आमचे हे. बँकेत अधिकारी आहेत. चेहरा देखणा, आवाज भारदस्त. पण स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलायची म्हटली तरी घेरी येते.

पहिल्याच भागात यांना भिंतीवरून उडी मारायची होती. वर चढले आणि पांढरेफटक पडले. कॅमेरा माझ्या भावाचा; त्याचा टॉवर चौकात फोटो स्टुडिओ आहे. आम्हा तिघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. मी शाळेत पी.टी. शिकवते, मला भिंतीचं काय कौतुक? यांचा शर्ट-पँट चढवला, केस टोपीत कोंबले, आमच्या इथल्या भैरवगढचा छापील रुमाल यांच्यासारखाच गळ्याशी बांधला आणि मारली उडी, कॅमेऱ्याकडे पाठ करून. उत्सवात शिट्ट्या पडल्या यांना. तेव्हा गंमत वाटली. मग दर वर्षी उड्या माझ्या, गच्चीवरची पळापळ माझी, मोटारसायकल माझी, आणि शिट्ट्या यांच्या. असले शॉट आम्ही तिघं वेगळे जाऊन घ्यायचो, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

यंदा यांचा गुडघा धरला आणि अध्यक्षांनी नवा हिरो शोधायचं ठरवलं. मला तो रोल हवा होता. अगदी मनापासून हवा होता. पण मागितला तर यांची आठ वर्षांची शान जाणार, आणि गप्प बसले तर माझी उडी दुसराच कुणीतरी मारणार. मी मूग गिळून बसले.

निवड मंडळाच्या अंगणात होती. भिंतीवरून गादीवर उडी मारायची. रेल्वेतला एक पिळदार तरुण वर चढला, खाली बघून शिडीच मागायला लागला, "भिया, सीढ़ी है क्या?" दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून उडी मारली आणि गादी सोडून तुळशीच्या कुंडीशेजारी पडले.

अध्यक्ष वैतागले. "नाही जमत! आपल्या साहेबांसारखी उडी पाहिजे, समझे ना? काय ती सफाई!"

आमचे हे परीक्षकाच्या खुर्चीत बसून मान डोलावत होते. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मात्र यांना घेरी येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहाचा कप मी यांच्यापुढे असा आदळला की अर्धा चहा बशीत गेला. यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ बशीकडे पाहिलं आणि उभे राहिले.

"ती उडी माझी नव्हती," हे म्हणाले. "एकही नाही. सगळ्या हिच्या आहेत."

"काय साहेब, मजाक करता!" अध्यक्ष हसले. सगळेच हसले. मी पदर खोचला, भिंतीवर चढले आणि उडी मारली. मग कुणी हसलं नाही.

"पण वहिनी, इन्स्पेक्टरला मिशी आहे," अध्यक्ष चाचरत म्हणाले.

"त्यांची बदली झाली म्हणा," हे म्हणाले. "बँकेत बदली होते, पोलिसांत होत नाही का?"

शूटिंग राम घाटाजवळच्या एका भिंतीवर सकाळी सुरू झालं. उडी पहिल्याच फटक्यात जमली, पण भाऊ ओरडला, "ताई, चेहरा!" सवयीने मी पाठ फिरवली होती. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. स्वतःचाच राग आला. तेवढ्यात हे लंगडत कॅमेऱ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"अगं, माझ्याकडे बघ ना. आता काय लपवायचं?"

चौथ्या उडीनंतर मी वळले, यांच्याकडे पाहिलं आणि डोळे भरून आले. भावाने कॅमेरा चालूच ठेवला.

अध्यक्षांना तो शॉट नको होता. गुंडांसमोर इन्स्पेक्टर रडते, हे बरं दिसत नाही म्हणे. मी म्हटलं, आठ वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा दिसतोय, कात्री लावून तर बघा.