म्हात्रेबाई, त्यांचा हायड्रोजन आणि माझी एक खोडी

म्हात्रेबाईंशी माझी ओळख झाली ती कॉम्प्रेसर बिघडला म्हणून. मी थळचा फ्रिज मेकॅनिक, नववी नापास. बाई कॉलेजातून रिटायर होऊनही तिथल्या एका खोलीत प्रयोग करत होत्या, आणि त्यांचं थंड करायचं मशीन थंडच होईना. मी विचारलं, "बाई, यात ठेवता काय? आइस्क्रीम?"

बाई रागावल्या नाहीत. चहा सांगितला आणि समजावलं. दोन ऑक्सिजनच्या मधे हायड्रोजनचा अणू असतो, एकाला घट्ट, दुसऱ्याला सैल. पलीकडे जायला मधे भिंतीसारखा अडथळा. ऊब असली की तो वरून उडी मारतो. कडक थंडीत उडीपुरती ताकद नसते, तरी पलीकडे सापडतो.

"भिंत फोडून?"

"न फोडता. भिंतीतूनच."

"मग हा आमच्याच आळीतला चोर!"

बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या.

त्यांच्याकडे एकाच स्फटिकाच्या दोन बाटल्या होत्या. एकीत साधा हायड्रोजन, दुसरीत दुप्पट जड. जड गड्याला भिंतीतून जाणं अवघड, असं बाईंचं म्हणणं. एका सोमवारी मशीन बघायला गेलो तेव्हा मी गंमत म्हणून लेबलं बदलली. आकडे उलटे आले. जडच जास्त पलीकडे!

बाईंनी तीनदा मोजलं. मग मला बोलावलं. "मशीन नीट हाय ना रे?"

"एकदम नीट, बाई."

"मग माझंच चुकलं," त्या हाताखाली शिकणाऱ्या कॉलेजच्या सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या. "छापायला दिलेला निबंध मागे घेते." आणि पत्र लिहायलाच बसल्या. कित्येक वर्षांचं काम, आणि बाईंचा आवाजसुद्धा हलला नाही. मी पुढे होऊन पत्रावर हात ठेवला.

"बाई, थांबा. लेबलं मी बदललीत."

वाटलं, आता हाकलतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चार दिवस मी लेबलावर विश्वास ठेवून बसले होते. आता असं कर. लेबलं काढून तुझ्या खुणा घाल. कुठली बाटली कुठली, ते तुझ्या वहीत. मी आधी मोजणार, मग तू वही उघडायची."

पहिल्यांदा वही उघडली तेव्हा मुलं भोवती गोळा झाली होती. साधा पलीकडे गेला होता, जड अडला होता. निबंध छापला गेला. आभारात माझं नाव आहे, 'बाटल्या लपवल्याबद्दल'. आईने ते पान देवाजवळ ठेवलंय.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, तरी दर आठवड्याला त्या मोजतात आणि मग मी वही उघडतो. त्यांना ठणठणीत तब्येत आणि भरपूर आयुष्य लाभो. बाई, घाई करू नका. या आठवड्याची वही अजून मी उघडलेली नाय.