कासम मिस्त्रींची पाच माणसं

नवं चाक पुरं झालं की कासम मिस्त्री ते लगेच गाडीला जोडत नसत. आधी रस्त्यावर आणून उतारावर सोडून देत आणि हात पाठीमागे बांधून स्वतः त्याच्यामागून चालत. चाक डुलत गेलं, झुकलं, की पुन्हा उचलून आत. सरळ जाऊन कडेच्या गवतात अलगद लवंडलं, की मान हलवून म्हणत, "जा बाबा आता, कुनाच्या बी दारात जा." मी किकवीच्या शाळेवर बदलून आलो त्या दिवशी सामानाच्या गाडीसमोर असंच एक चाक घरंगळत आलं. बैल बुजले. मागून पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी आणि उघड्या छातीवर भुसा चिकटलेला असा एक माणूस शांतपणे चालत आला. म्हणाला, "भिऊ नगा, सरळ चाललंय त्ये. तुमच्या गाडीचं उजवं चाक मातुर न्हाई चालत सरळ."

शाळेच्या भिंतीला लागूनच त्यांचा गाडीकारखाना होता. पत्र्याचं लांब छप्पर, पुढे अंगण, मागे राहायची खोली. हाताखाली पाच माणसं, सगळी आसपासच्या शेतकऱ्यांची. घरात भाऊ जास्त आणि जमीन कमी, म्हणून कामाला आलेली. मिस्त्री कोणालाही विनाअनुभव घेत. तासणी धरायची कशी इथपासून शिकवत. दुसरे सुतार आपली मापं मुलांनाही लवकर सांगत नसत. मिस्त्री मात्र सगळं उघड्या अंगणात, मोठ्याने सांगत. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, उद्या हीच माणसं तुमच्यासमोर दुकान घालतील." ते हसले. "घालू द्या की. रस्ता काय माजा हाय? काम दडवून ठिवलं की गुरुजी, हातात किडं पडत्यात."

त्या पाचांत शिवराम त्यांचा उजवा हात. आठ वर्षं त्यांच्याकडे होता. चाकाच्या मध्यभागी जो लाकडी गड्डा असतो, ज्यात सगळे आरे बसतात, त्याला तुंबा म्हणतात. तुंब्याला भोकं पाडायचं काम सर्वांत अवघड. एक भोक केसभर तिरकं गेलं तर सगळं चाक वाया. आरे बसवण्यापर्यंत शिवराम पोचला होता, तुंबा तेवढा राहिला होता. "ह्या सुगीनंतर त्येला तुंब्यावर बसवनार," मिस्त्री मला सांगत. "माज्यापरीस त्येचा हात सरळ हाय. म्या गेलो तरी कारखाना राहील."

पावसाळ्यात गाड्यांचं काम बंद पडे. दुसऱ्या ठिकाणी चार महिने माणसांना घरी बसवत. मिस्त्री नांगर, कुळव, दाराच्या चौकटी, मिळेल ते काम आणत आणि पाचांनाही धरून ठेवत. एका वर्षी तर त्यांनी स्वतःची म्हैस विकली, माणूस सोडला नाही. एकाची दोन बोटं करवतीखाली गेली, तेव्हा त्याला भोरच्या दवाखान्यात यांनी स्वतः नेलं, आणि तो बरा झाल्यावर उरलेल्या बोटांनी करता येईल असं काम त्याला शोधून दिलं. दुपारी सगळे एकत्र जेवत. कोणाच्या घरचं काय, हा प्रश्नच नव्हता. मिस्त्रींच्या बायकोच्या, अमीनाबींच्या हातचं कालवण आणि पाच घरच्या भाकऱ्या मधे ठेवलेल्या, भोवती सगळे बसलेले.

मग दुसरी लढाई आली. पुण्याकडे लढाईच्या सामानाचे कारखाने वाढले आणि सुतारकाम जाणणारी माणसं मिळेनाशी झाली. दारूगोळ्याच्या पेट्या करायच्या होत्या. एका ठेकेदाराचा माणूस हमरस्त्याने गावोगाव फिरू लागला. महिन्याचा बांधलेला पगार, धान्य, राहायला चाळ. पावसाळ्यातही काम.

एका रविवारी शिवराम आणि बाकीचे चौघे माझ्या ओट्यावर आले. अर्ज लिहून हवे होते. मी म्हटलं, "वस्तादांना विचारलंत?"

"सांगनार हाय की," शिवराम म्हणाला. "पर त्यांच्या तोंडाकडं बगितलं का जीभ हालत न्हाई. घरात सात खानारी त्वांडं हायती, गुरुजी. हितं माया हाय, पर मायेवर पोरं जगत्यात व्हय?"

त्याचं खोटं नव्हतं. मी अर्ज लिहिले. कौशल्याबद्दल काय लिहावं असा प्रश्न पडला तेव्हा मिस्त्रींनी एकेकाबद्दल मला जे सांगितलं होतं तेच शुद्ध भाषेत उतरवलं. शिवरामच्या अर्जात लिहिलं, "याचा हात गुरूपेक्षाही सरळ आहे." पंधरा दिवसांनी निरोप आला. शुक्रवारी उजाडता लॉरी रस्त्यावर येणार होती. शिवरामने मला शपथ घातली, "तुमी बोलू नगा. आमीच सांगतो."

त्याच शुक्रवारी मिस्त्रींनी धाव चढवायचं ठरवलं होतं. धाव म्हणजे चाकाभोवतालची लोखंडी पट्टी. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि पाचव्याने तत्काळ पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. क्षणभर उशीर झाला तर लाकूड जळतं. बारा चाकं तयार होती, भाताच्या सुगीच्या आत वेल्ह्याकडच्या सहा शेतकऱ्यांना द्यायची होती. ते लोक दुपारी नव्या गाड्यांचे साटे, म्हणजे चाकांवर बसणारे सांगाडे, दुसऱ्या गाड्यांवर लादून येणार होते.

सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो. मिस्त्री अंगणात गोवऱ्या गोल रचत होते. मला पाहून म्हणाले, "रामराम गुरुजी."

"रामराम," मी म्हटलं. आणि आत गेलो.

लॉरी केव्हाच गेली होती. मिस्त्रींनी आग पेटवली, धाव तापवत ठेवली. माणसं येतील तोवर लोखंड तयार असावं हा त्यांचा हिशेब. कोणी येईना. ते दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका गुराख्याने सांगितलं, "तुमची मानसं लारीत बसून गेली की, वळकट्या घिऊन." तोवर पहिली धाव लाल झाली होती. मला राहवलं नाही. मी धावलो. मी, मिस्त्री, अमीनाबी आणि तो गुराखी, चौघांनी चिमटे धरले. माझा चिमटा सटकला. धाव एका बाजूला बसली, दुसऱ्या बाजूने वर राहिली, आणि बाभळीचं लाकूड भडभडून पेटलं. मिस्त्रींनी वर राहिलेली धाव उघड्या हातांनी दाबू पाहिली. अमीनाबींनी पाण्याची घागर आधी त्यांच्या हातांवर ओतली, मग चाकावर.

दुपारी वेल्ह्याची माणसं आली. मिस्त्रींनी हाताला फडकं गुंडाळलं होतं. कोणाचंही नाव न घेता ते त्यांना म्हणाले, "चूक माजी हाय. धाव दुसरीकडनं चढवून घ्या." आणि तयार लाकडी चाकं, जळालेलं सोडून, त्यांच्या गाड्यांवर चढवून दिली.

महिन्याभराने शिवरामचं कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मिस्त्रींना वाचता येत नसे. ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले, खाली बसले. मी ओळीखालून बोट फिरवत वाचू लागलो, ते बोटाकडे बघत होते. क्षमा मागितली होती, वस्तादांची आठवण येते असं होतं, घासाघासाला अमीनाबींचं कालवण आठवतं असं होतं. पुढे होतं, "गुरुजींनी अर्ज चांगला लिहिला म्हणून सर्वांना घेतलं. त्यांना आमचा नमस्कार सांगावा." मी ते सोडून दिलं आणि शेवटचं "आपला शिवराम" वाचलं.

मिस्त्रींनी हात पुढे केला. कार्ड घेतलं, बरं होत आलेल्या बोटाने एकेक ओळ मोजली.

"गुरुजी, हितं नव वळी हायती. तुमी सातच वाचल्या."

ज्या माणसाने आयुष्यभर डोळ्यांनी केसभराचं माप घेतलं त्याला अक्षर येत नव्हतं म्हणून मी फसवायला निघालो होतो. मी उरलेल्या दोन ओळी वाचल्या. मग मी बोलू लागलो. त्या पाचांची घरं, मुलं, पावसाळा, अर्ज नाकारता येत नव्हता, सगळं.

"अर्जाचं मला वाईट वाटत न्हाई," ते म्हणाले. "चांगल्या जागी गेली, पोटाला लागली. म्याच सांगितलं असतं, जावा म्हनून. पर त्या दिशी म्या आग पेटवत व्हतो, तुमाला ठावं व्हतं. आन तुमी रामराम केलात."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून कधी पत्र वाचून घेतलं नाही. पत्र आलं की भर उन्हात चालत दुसऱ्या गावच्या मास्तरांकडे जात. समोरासमोर आलो तर नमस्काराला नमस्कार करत, अगदी पहिल्यासारखा आदबीने. तेच मला सोसत नसे.

लढाई संपली आणि पेट्यांचं काम बंद झालं. शिवराम आणि दोघे परत आले, अंगणाच्या कडेला उभे राहिले. मी ओट्यावरून बघत होतो. मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, "तासण्या हायती तिथंच हायती." तिघे कामाला लागले. पण दुपार झाली तेव्हा मिस्त्री आपली भाकरी घेऊन आत गेले आणि दार लोटून घेतलं. पुढे रोज तसंच. तुंब्याची भोकं पाडताना ते अंगणाकडे पाठ करून बसू लागले. बोलणं कामापुरतं. सगळं मोठ्याने सांगणाऱ्या त्या माणसाच्या कारखान्यात आता नुसता करवतीचा आवाज येई.

दोन वर्षांनी ते गेले. तापाचं निमित्त झालं. त्यांच्या जनाज्याला शिवरामने शेवटपर्यंत खांदा दिला, बदलायला आलेल्याला त्याने जागा दिली नाही. परतताना आम्ही दोघे मागे राहिलो. मी विचारलं, "तुंब्याचं माप शेवटी सांगितलं का रे तुला?"

"न्हाई," तो म्हणाला.

"आणि तू विचारलं नाहीस?"

"इचारायला त्वांड कुठं व्हतं, गुरुजी?"

क्षमा मागायचं माझं तर राहूनच गेलं होतं. आम्ही दोघे रस्त्याला लागलो.