रडण्याची तालीम

"चष्मा काढ."

वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे आमच्या डाळमिलच्या मालकांच्या सूनबाई. बंगल्याच्या व्हरांड्यात झोक्यावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. मी पायरीखाली उभी. अंगावर मायची विटकी साडी. सकाळीच निरोप आला होता, ड्रेस घालून येऊ नको, मायची एखादी जुनी नेसून ये.

"चष्मा घालून कुणी गरीब दिसतं का गं?"

काढला. वहिनींनी हात पुढं केला. दिला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

"सांभाळून ठेवते. उद्या झालं की देते. तोवर सवय होईल."

मग घड्याळ गेलं. मग केस विस्कटायला लावले. मग भैय्या बाहेर आले, वहिनींचे मिस्टर. चष्म्याशिवाय मला ते म्हणजे एक पांढरा शर्ट दिसत होता, बाकी काही नाही.

"हां मॅडम, चालू द्या."

ते मला मॅडम म्हणतात. बी.कॉम. झाल्यापासून. आधी "ए पोरी" म्हणायचे. ते बरं होतं.

मी सुरू केलं. "सन्माननीय साहेब, मी या उद्योगातील महिला कामगारांच्या वतीनं..."

"थांब, थांब. सन्माननीय कुठून आलं? कॉलेज नको काढू इथं. मायसारखं बोल. लई, न्हाई, हाय. असलं."

वहिनी हसल्या. "आणि हे बघ. 'आमच्या चुली विझतील साहेब' म्हणलीस की थांबायचं. डोळ्याला पदर लावायचा. लगेच नाही. थोडं थांबून."

मी म्हणले. लावला.

"लवकर लावलास. परत."

परत म्हणले. परत लावला.

"आता उशीर झाला. काय गं, बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत का?"

भैय्या खदाखदा हसले. आत स्वयंपाक करणारी बाईसुद्धा हसली. तिचं हसणं मला ओळखू आलं, ती आमच्या मिलमागच्या गल्लीतली. तिसऱ्यांदा पदर लावायची गरजच पडली नाही. रडू आलं. खरं. आवरता येईना असलं.

"बास! हेच पाहिजे," भैय्या म्हणाले. मग त्यांच्या हातातून टुंग असा आवाज आला. मोबाईलचा. तेव्हा कळलं, ते मगापासून शूटिंग करत होते.

मला दिसलंच नव्हतं. चष्मा पर्समध्ये होता.

*

काय चाललं होतं ते नीट सांगते.

बाहेरच्या देशातून पिवळा वाटाणा येतो. कंटेनर भरून. त्याची डाळ होते, बेसन होतं, हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडतं. सरकार त्यावर ड्युटी, म्हणजे आयातकर, लावायचं म्हणत होतं. लावायच्या आधी सगळ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं म्हणून दिल्लीचे साहेब सुनावणीला येणार होते. आधी लातूरला, मग नांदेडला. मिलवाल्यांना ड्युटी नको होती. वाटाणा महागला की मिल बंद पडतील, मिल बंद पडल्या की गरीब बाया उपाशी मरतील, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं कागदावर मीच मांडलं होतं. मिलच्या ऑफिसात मी काम करते. करत होते. मराठीतलं मी लिहिलं, इंग्रजीतलंही मीच. भैय्यांनी दोन्ही वाचून म्हणलं होतं, "झकास."

मी विचारलं होतं, "मग सुनावणीत मी वाचू का?"

"तू लिहिलेलं मी वाचणार. तू रडणार."

असं म्हणाले. तोंडावर. चहा पीत. त्यांचा चहा कपात, माझा कागदी ग्लासात. पूर्वी बंगल्यात आमच्यासाठी दांडी तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा, फडताळाच्या खाली. आता कागदी आले. आता कुणाला काही म्हणता येत नाही.

माझी माय त्याच मिलमध्ये निवडणीला होती. मुखेडकडून आली तेव्हापासून. पत्र्याच्या लांब शेडमध्ये बाया रांगेनं बसायच्या, समोर सूप, सुपात डाळ. खडा, माती, काळा दाणा, कीड लागलेलं, सगळं बोटानं वेगळं करायचं. मी त्याच शेडच्या दारात बसून पाढे पाठ केले. तिचे डोळे निवडून गेले, माझे वाचून. घरात दोन चष्मे पाहिजे होते. एकच आला. माझा. पहिल्या पगारातून.

आता शेडला कुलूप आहे. पिवळा वाटाणा आला आणि बाया घरी गेल्या. कारण तो तिकडनंच निवडून येतो. मशीनमधून निघालेला, एकसारखा, खडा औषधाला सापडायचा नाही. त्याला सूप कशाला? माय आता मिलचं आवार झाडते. त्या झाडण्याच्या बदल्यात आवाराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे आमच्याकडं.

ती खोली भैय्यांनी त्या दिवशी आठवणीनं काढली. मी निघाले तेव्हा, अगदी गोड आवाजात.

"मायची तब्येत बरी ना? खोली गळत नाही ना? उद्या नीट कर म्हणजे झालं. आपल्याच हातात असतं सगळं."

*

संध्याकाळी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मग रड की."

"माय, खोटं रडू?"

"मी जन्मभर खरं रडले. कुणी फुटका पैसा दिला का? तुझ्या रडण्यानं खोली टिकायली. रड."

"ते तुझं नाव घेऊन ड्युटी नको म्हणायलेत. तुझं काम ज्या वाटाण्यानं गेलं, तोच पाहिजे म्हणायलेत. तुझ्यासाठी."

तिनं भाकरी उलटली. "मला काय कळतंय त्यातलं. मला पावसाळा कळतो. सामान घेऊन कुठं जाणार, ते सांग."

मी चाचपडत ताट वाढून घेतलं. आमटी कुठंय ते नीट दिसत नव्हतं.

*

सुनावणीचा हॉल थंडगार. एसी इतका की मायच्या पातळ साडीत अंगावर काटा आला. मिलवाले पुढच्या रांगांत, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मला वहिनींच्या शेजारी बसवलं होतं. मांडीवर पर्स. पर्समध्ये माझा चष्मा. एक हात अंतर.

औशाकडचे एक शेतकरी बोलले. आमचा हरभरा बाजारात यायला आणि तुमची जहाजं बंदरात लागायला एकच गाठ पडते, ड्युटी लावा, म्हणाले. मिलवाल्यांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, "मग तुम्हीच डाळ करून विका की, काका." हशा झाला. काका खाली बसले.

मग भैय्या उठले. माझं लिहिलेलं वाचायला लागले. कुठं थांबायचं तेही मी खूण करून ठेवलं होतं, तिथं बरोबर थांबत होते. चांगलं वाचत होते. माझ्या वाक्यांना टाळ्या पडत होत्या आणि मी केस विस्कटून बसले होते.

"आमच्या निवडणी शेडमध्ये आजही आमच्या शेकडो भगिनी..."

हे वाक्य भैय्यांनी सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं. टाइप करताना खिडकीतून शेडचं कुलूप दिसत होतं. हॉलमध्ये तेच शब्द एकेक करून कानावर पडले. आजही. शेकडो. भगिनी.

"त्यांच्यातल्याच एक भगिनी आपलं दुःख सांगतील."

वहिनींनी कोपरानं ढोसलं. "जा. घाई करू नको पदराला."

माईकपाशी गेले. समोर सगळं धुकं. साहेब कोणते, शिपाई कोणता, समजेना. मी खरंच गरीब दिसत असणार. तशीच तर उभी केली होती मला. तोंड उघडलं. "साहेब, लई..." आणि शब्द तिथंच अडला. हे बोलणं मायचं आहे. भाकरी थापताना तिच्या तोंडात ते शोभतं. माझ्या तोंडात त्यांनी ते चिंधीसारखं कोंबलं होतं. तिचं बोलणं मला लाज म्हणून नेसवलं होतं, तिच्या साडीवर.

मी मागं वळले. माईक चालूच होता.

"वहिनी, माझा चष्मा द्या."

खुर्च्या करकरल्या.

"तुमच्या पर्समध्ये आहे. काल काढून घेतला होता. तो द्या."

कुणीतरी खाकरलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. मग सगळ्यांचं तोंड आपल्याकडं झालंय म्हणल्यावर त्यांना उठावंच लागलं. पर्सची चेन उघडल्याचा आवाज मला माईकपाशी ऐकू आला. त्या चालत आल्या. चष्मा दिला. देताना तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "बघून घेईन."

मी काच साडीला पुसली. चष्मा लावला.

साहेब माझ्याच वयाचे होते. मोबाईल बघत होते.

"मी निवडणारी बाई नाही," मी म्हणले. "मी बी.कॉम. आहे. या मिलच्या ऑफिसात काम करते. आत्ता यांनी वाचलं ते मी लिहिलंय. शेडमध्ये कुणीही नाही. शेडला कुलूप आहे. बाहेरचा वाटाणा निवडून येतो, त्याला बाया लागत नाहीत. त्यांचं काम त्यानंच गेलं. ड्युटी लावायची का नाही ते तुम्ही ठरवा. यांना स्वस्त माल पाहिजे तर यांनी स्वतःच्या नावानं मागावा. स्वतः रडावं. मला काल व्हरांड्यात रडायला शिकवलंय. ते मी करणार नाही."

साहेबांनी मान वर केली. घड्याळ बघितलं.

"ताई, तुमचं जे काही असेल ते लेखी द्या. पुढचं नाव घ्या."

पुढचं नाव घेतलं. झालं. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही.

चहाच्या वेळी भैय्या जवळ आले. चिडलेले नव्हते. हातात बिस्कीट.

"छान बोललीस मॅडम. कॉलेज वाया गेलं नाही. चल, गाडीत बस, सोडतो घरी."

"रिक्षानं जाईन."

"बस गं. घर एकच आहे ना आपलं?"

मी रिक्षानं गेले. गाडी पूर्ण रस्ता मागं होती. पुढं जात नव्हती.

*

नंतरचे दिवस शांत. कुणी रागावलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. ऑफिसात माझी खुर्ची होती. कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललेला. विचारलं तर, "बसा की मॅडम, आराम करा." मी खुर्चीवर बसायचे, हात मांडीवर ठेवून. गेटवरचा वॉचमन मला लहानपणापासून ओळखतो. तो आता नाव विचारायला लागला. खोलीतलं नळाचं पाणी एका सकाळी आलं नाही. मग आलंच नाही. माय कळशी घेऊन रस्त्यापलीकडं जायला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर ते परवडलं असतं.

आणि मग ती क्लिप आली.

गल्लीतल्या त्या स्वयंपाकाच्या बाईनं दाखवली. ग्रुपवर फिरत होती. लातूरपासून उदगीरपर्यंत फिरली म्हणे. बंगल्याचा व्हरांडा कापून टाकलेला. हसण्याचे आवाज काढून टाकलेले. नुसती एक बाई, विटकी साडी, विस्कटलेले केस. "ड्युटी लावू नका साहेब, आमच्या चुली विझतील," म्हणते आणि हमसून हमसून रडते. खाली लिहिलेलं होतं, डाळमिल कामगार भगिनीचा टाहो. आणखी खाली, हीच क्लिप नांदेडच्या सुनावणीत दाखवणार.

रडणं खरं होतं. म्हणूनच ते इतकं चाललं.

मायनं मोबाईल हातात घेतला. डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघत राहिली.

"ही तर मीच हाय की," म्हणाली.

"माय, मी आहे ती. तुझी साडी नेसून."

"माझी साडी नेसलीस तव्हा मला इचारलं न्हाईस." तिनं मोबाईल परत दिला. "तिकडं माईकवर बोललीस, तव्हाबी इचारलं न्हाईस. त्यांनी मला रडायला उभं केलं, तू मला बोलायला उभं केलंस. मी इथंच झाडत होते."

मी तिची साडी दोरीवरून काढली, घडी घातली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

दोन दिवसांनी वॉचमन निरोप घेऊन आला. खोली गोडाऊनला लागणार. माल येणार आहे. ह्या महिन्यात रिकामी करा. मायनं ऐकलं आणि डबे कापडात बांधायला घेतले. एका गाठीवर हात थांबला तेव्हा विचारलं,

"नांदेडला जायलीस?"

"हाव."

"कोणती साडी?"

"साडी नाही. माझा ड्रेस. ऑफिसला घालते तो."

"हं," म्हणाली. आणि गाठ आवळली.

खोली जाणार. नोकरी गेल्यातच जमा आहे. गेटच्या बाहेर भैय्यांची ती पांढरी गाडी सकाळी असते, संध्याकाळी असते. काच खाली होत नाही. नांदेडच्या बसमागंही ती असेल, हे मी धरून चालले आहे. तिथल्या हॉलमध्ये माझं नाव कुणी पुकारणार नाही, तेही मला माहीत आहे. मी उठून उभी राहणार. मायचं नाव घेणार नाही, कोणत्याच बाईचं घेणार नाही. माझं घेणार. लातूरला मी ते सांगायचंच विसरले होते.

क्लिप दाखवू देत. मोठ्या पडद्यावर दाखवू देत. मी त्या पडद्याखाली जाऊन उभी राहणार, चष्मा लावून, समोरच्या एकेका तोंडाकडं बघत. वर ती रडत असेल. खाली मी बोलत असेन. लेखी द्या म्हणाले तर तेही आणलेलं असेल, आणि ते दिल्यावरही मी खाली बसणार नाही.