सावलीत बांधलेला दगडोबा

मी नर्मदाबाई, दगडोबाची थोरली बहीण. त्याला कडेवर वागवलंय, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. पुसेगावच्या शिवारात मेंढरं राखून काळाठिक्कर पडलेला माणूस तो. दिवसा घरात बसणं त्याला ठाऊकच न्हाई. अन् त्यालाच डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर अंगावर ऊन घ्यायचं न्हाई.

तंबाखूनं घात केला. जिभेच्या कडेला कॅन्सरची गाठ आली, मागून मानेतही सुपारीएवढी. जीभ कापावी लागेल म्हणाले, तर हा मला विचारतो, "अक्का, मग मेंढरांला साद कोण घालंल?" जीव जाईल याचं त्याला काहीच न्हाई. मला मात्र धडकी भरली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका नव्या इलाजाची चाचणी चालू होती, तिथं त्याला घेतलं. डॉक्टरीणबाई प्रियदर्शनी यांनी नीट समजावलं. शिरेतून दिलेलं औषध गाठीत जाऊन गप बसतं; नळीतून लाल उजेड टाकला की जागं होतं अन् गाठ मारतं. वर दुसरं इंजेक्शन, अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या राखणदारांना उठवायला. सगळ्यांनाच गुण येतो असं न्हाई, हेही त्यांनी लपवलं न्हाई. औषध अंगात असेपर्यंत मात्र उन्हानं कातडी भाजते.

दगडोबानं मान डोलावली. पण औषध अन् उजेड घेऊन घरी आल्यावर मेंढरं त्याच्या सादेबिगर वाड्यातून हलेनात. माझी भावजय आशाबाई हाकून हाकून थकली. तवा हा पठ्ठ्या डोक्यापासून पायापर्यंत घोंगडं गुंडाळून निघाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! काठी धरलेला हात तेवढा बाहेर राहिला. दुपारी हात टम्म फुगला, फोड आले.

मी त्याला नको नको ते बोलले. तो हाताकडंच बघत राहिला होता. "अक्का, हे तर घाणेरी खाल्लेल्या मेंढीवाणी झालं," म्हणाला. घाणेरीचा पाला पोटात गेला की मेंढीला ऊन सोसत न्हाई, तोंड सुजतं, कान सोलतात. आमच्यात तिला बरी होईस्तोवर सावलीत बांधतात. "मंग मला बी बांधा." त्या दिवसापासून खिडकीला घोंगडं लागलं. जीभ सुजलेली, तरी सकाळी आतून घोगरी साद यायची, अन् मेंढरं आशाबाईमागं निघायची.

पुढं तपासणीला मीही गेले. जिभेवरची गाठ झडली होती. डॉक्टरीणबाईंनी मान दाबली, परत दाबली, मग मशीनवर बघून आल्या. तिथली गाठही गायब. "मानेतल्या गाठीवर आम्ही उजेड टाकलाच नव्हता," त्या म्हणाल्या. राखणदारांनी जिभेवरचा चोर ओळखला अन् मानेत लपलेला त्याचा भाऊही हुडकून काढला, असं त्यांनी सांगितलं. बाई गं, माझ्या अंगावर काटा आला. आपल्याच अंगात एवढं शहाणपण असतं, अन् जन्मभर आपल्याला पत्ता न्हाई. अजून तपासायला जावं लागणार आहे. जाऊ.

उन्हात जायची मुभा मिळाली त्या सकाळी दगडोबा अंगणात आला. आशाबाई माझ्यासमोर नवऱ्याशी कधी तोंड वर करून बोललेली न्हाई. ती सरळ पुढं झाली अन् त्याच्या मानेवर बोटं फिरवून गाठ शोधू लागली. डोक्यावरचा पदर पडला तरी तिला भान न्हाई. "कुठं गेली?" ती पुसत होती, अन् डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दगडोबा म्हणाला, "सोड आता. मेंढरं थांबलीत."